स्तोत्रे व ज्ञानग्रंथ शिकविणारे संत जेरोम

दर रविवारी मिस्सेत पहिल्या वाचनानंतर आपण स्तोत्र गातो. मर्तिकाच्या मिस्सेत कधी ईयोबाचे, तर कधी ज्ञानग्रंथाचे शब्द आपल्या कानी पडतात. तथापि घरी पवित्र शास्त्र उघडून स्तोत्रसंहिता, नीतिसूत्रे, उपदेशक हे ग्रंथ क्रमाने वाचणारे आपल्यात थोडेच. हा क्रम सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या शिष्यांना ज्यांनी लावून दिला, त्या संत जेरोम यांचे चरित्र ज्युबिलीच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

जेरोम यांचा जन्म सुमारे ३४७ साली, दाल्मातिया व पानोनिया या प्रांतांच्या सीमेवरील स्त्रिदोन गावी, ख्रिस्ती घराण्यात झाला. रोम येथे दोनातुस या विख्यात वैयाकरणाच्या हाताखाली त्यांनी लॅटिन वाङ्मयाचे अध्ययन केले व तेथेच स्नानसंस्कार घेतला. पुढे तपश्चर्येसाठी ते सिरियातील खाल्किसच्या वाळवंटात गेले. उपवासांनी देह क्षीण झाला, परंतु मन रोमच्या रंगढंगाकडेच धाव घेई. त्याला लगाम घालावा म्हणून ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी मनुष्याकडे त्यांनी हिब्रूचे धडे घेण्यास आरंभ केला. सिसेरोच्या डौलदार भाषेत मुरलेल्या या पंडितास ते कंठातले घोगरे उच्चार फार जड गेले. अभ्यास कित्येकदा सुटला व पुन्हा सुरू झाला.

३८२ साली ते रोमला परतले. पोप दामासस यांनी त्यांना आपल्या पत्रव्यवहारास घेतले व लॅटिन शुभवर्तमाने शुद्ध करण्याचे काम सांगितले. परंतु त्यांची खरी शाळा आव्हेंतीन टेकडीवर, मार्सेला नावाच्या विधवेच्या वाड्यात भरे. तेथे कुलीन घराण्यांतील विधवा व कुमारिका स्तोत्रे शिकत. मार्सेलाबाई अशी चिकित्सक की, नुसत्या गुरुवचनावर ती कधी संतुष्ट होत नसे. पौलाबाई व तिची कन्या युस्तोकियम यांनी हिब्रू आत्मसात केली, ती स्तोत्रे मूळ भाषेत गाता यावीत म्हणून. जेरोम यांनी पौलाबाईस एका पत्रात एकशे अठरावे स्तोत्र (आजच्या गणनेने एकशे एकोणिसावे) समजावून दिले. त्यात हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांमागे प्रत्येकी आठ अशी १७६ वचने आहेत, आणि प्रत्येक आठाचा गट आपापल्या अक्षरानेच आरंभ पावतो.

पौलाबाईची थोरली कन्या ब्लेसिला. विवाहास सात महिने होतात न होतात तोच ती विधवा झाली. काही काळ तिचे मन साजशृंगारात रमले. मग एका दीर्घ तापातून उठल्यावर ती पार पालटली. थोड्याच महिन्यांत ती हिब्रू शिकली. जगाचे असारत्व तिला कळावे म्हणून जेरोम यांनी तिच्याबरोबर उपदेशक ग्रंथ वाचण्यास घेतला. गुरू जवळ नसतानाही आपणास अर्थ लागावा, यास्तव त्यावर एक लहानसे भाष्य लिहून द्यावे, अशी तिने विनंती केली. ते होण्यापूर्वीच, ३८४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी ती निवर्तली.

अंत्यविधीच्या वेळी पौलाबाई मूर्च्छित पडली. उपवासांनीच पोरीचा जीव घेतला, या संन्याशांना शहराबाहेर हाकलावे, अशी कुजबुज लोकांत उठली. जेरोम यांनी त्या मातेस जे पत्र लिहिले, त्यात आपणही रडलो असे ते सांगतात. परंतु तिचा शोक आवरण्यासाठी ते तिला रागेही भरतात. आम्हांस ते पत्र वाचताना नेहमी वाटते की, त्या दिवशी आईला अश्रू ढाळू द्यावयास हवे होते. ईयोबाचे मित्रही, सात दिवस व सात रात्री त्याच्यापाशी मुकाट बसले, तोवरच त्याला जवळचे होते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोप दामासस वारले, जेरोम यांना रोममध्ये पाठीराखा उरला नाही, आणि ३८५ साली त्यांनी ते नगर कायमचे सोडले. पौलाबाई व युस्तोकियमही पूर्वेकडे गेल्या. ३८६ साली सर्वजण बेथलेहेमास स्थिरावले व पौलाबाईच्या द्रव्याने तेथे मठ उभे राहिले. तेथे दोनतीन वर्षांतच जेरोम यांनी उपदेशकावरील भाष्य पुरे करून दिवंगत शिष्येस दिलेला शब्द पाळला. ते त्यांनी तिच्या आईस व बहिणीस अर्पण केले.

शिकविता शिकविता त्यांचे शिकणेही चालूच होते. एक यहुदी गुरू स्वजनांच्या भयाने रात्री येऊन त्यांना शिकवी. ईयोबासाठी लुद्दा येथील एका पंडितास त्यांनी बरेच द्रव्य मोजले. शलमोनाच्या नावावरील तीन ग्रंथ, म्हणजे नीतिसूत्रे, उपदेशक व गीतरत्न, हे दीर्घ आजारातून उठल्यावर ३९८ साली त्यांनी तीन दिवसांत हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणले. हिब्रू कवितेत ते ग्रीक वृत्ते शोधीत. तेथे मात्र त्यांचे चुकले, असे आजचे अभ्यासक म्हणतात. आपल्या ओवीत यमक कानाला धरून ठेवते. हिब्रू कवी एका ओळीतला विचार दुसऱ्या ओळीत पुन्हा, किंवा उलट बाजूने, मांडून अर्थाचाच ताल धरतो. आणखी एक मौज अशी की, हिब्रूवरून नव्याने केलेली त्यांची स्तोत्रे उपासनेत रूढ झालीच नाहीत. लोकांच्या तोंडी बसलेली, त्यांनीच पूर्वी ग्रीकवरून शुद्ध केलेली स्तोत्रे टिकली.

पौलाबाईची सून लेता हिला कन्या झाली, तीही पौलाच. तिच्या शिक्षणाविषयी जेरोम यांनी लेतास सविस्तर पत्र लिहिले. मुलीला लाकडाची वा हस्तिदंताची अक्षरे करून द्यावी व खेळता खेळता ती ओळखवावी. मग प्रथम स्तोत्रे, त्यांत तिला गोडी लागेल. नीतिसूत्रांत जगण्याची रीत, उपदेशकात वैराग्य, ईयोबात धैर्य. तदनंतर शुभवर्तमाने व प्रेषितांचे ग्रंथ, मग संदेष्टे व इतिहास. आणि गीतरत्न सर्वांत शेवटी, कारण अपक्व मनास त्या प्रेमगीतातील आध्यात्मिक विवाह दिसत नाही. मुलीला बेथलेहेमास पाठवा, मी म्हातारा तिला खांद्यावर घेऊन तिचे बोबडे बोल सुधारीन, असेही त्यांनी कळविले.

आजी पौला ४०४ साली वारली; तिच्या अंत्यविधीत स्तोत्रे ग्रीक, लॅटिन व सिरियाक भाषांतून गाइली गेली. जेरोम ४२० साली बेथलेहेम येथे निवर्तले. ब्लेसिलाची ती भाची तोवर तेथे येऊन मठात राहत होती.