सहाव्या वर्षीच्या दाढेचा अभ्यासक : डॉ. एडवर्ड अँगल

मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. त्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून अनेक पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी लक्ष देत नाहीत. ही दाढ मात्र कायमची असते. गेली की पुन्हा येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणीच्या दंत महाविद्यालयात असो वा परदेशात, वेडेवाकड्या दातांची तपासणी करताना आधी हीच दाढ पाहतात. ही पद्धत डॉ. एडवर्ड अँगल यांची.

अँगल यांचा जन्म १८५५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात, शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रांचा नाद होता. १८७८ मध्ये ते दंतवैद्य झाले. प्रकृती बिघडल्याने मोंटानात जाऊन त्यांनी मेंढ्या पाळल्या. कडाक्याच्या हिवाळ्यात कळप गेला आणि ते पुन्हा दातांकडे वळले.

समोरचे दात सरळ दिसणे पुरेसे नाही, वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसले पाहिजेत, असे त्यांचे मत होते. १८९९ मध्ये त्यांनी या पहिल्या कायमच्या दाढेवरून तीन वर्ग ठरवले : दाढा जागेवर पण बाकीचे दात वेडेवाकडे, खालची दाढ मागे आणि खालची दाढ पुढे. १९०० मध्ये सेंट लुईस येथे त्यांनी या शाखेची स्वतंत्र शाळा काढली. आजच्या तारांच्या उपचाराचा पायाही त्यांनीच घातला. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा एक आग्रह मात्र टिकला नाही. जागा करण्यासाठी दात काढणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी पुढे काही रुग्णांत दात काढणे आवश्यक असल्याचे दाखवले.

पालकांनी यातून एवढे घ्यावे : दुधाची दाढ किडून लवकर गेली, तर सहाव्या वर्षीची दाढ पुढे सरकते आणि नव्या दातांची जागा अडते. म्हणून दुधाच्या दाढाही जपाव्यात. सातव्या वर्षापर्यंत एकदा दंततपासणी करावी. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येणे, अंगठा चोखणे, तोंडाने श्वास घेणे ही लक्षणे दिसल्यास थांबू नये. प्रत्येक मुलाला लगेच तारा लागत नाहीत. काहींना फक्त देखरेख पुरते. ते ठरवण्यासाठी तपासणी मात्र वेळेत व्हायला हवी.