हत्तीवरून सागाची शिरगणती

ब्रह्मदेशातील पेगू प्रांत, साल 1856. घनदाट जंगलातून एक तरुण जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हत्तीवर बसून चालला आहे. डाव्या हातात चार काठ्या, उजव्या हातात चाकू. वाटेच्या दोन्ही बाजूंना 200 फुटांच्या आत सागाचे झाड दिसले की ते किती जाड आहे ते पाहायचे आणि त्या जाडीसाठी ठरवलेल्या काठीवर एक खाच पाडायची. तिथल्या दमट हवेत कागद टिकत नसे, म्हणून काठ्या. दिवसभरात वीसेक मैल हिंडून झाले की संध्याकाळी खाचा मोजायच्या. हा क्रम काही महिने चालला.

या शास्त्रज्ञाचे नाव डीट्रिच ब्रँडिस. पुढे भारताच्या वनखात्याचे ते पहिले महानिरीक्षक झाले आणि उष्ण कटिबंधातील वनशास्त्राचे जनक म्हणून जगभर ओळखले गेले.

ब्रँडिस यांचा जन्म 31 मार्च 1824 रोजी जर्मनीतील बॉन शहरात झाला. आजोबा डेन्मार्कच्या राजदरबारी वैद्य होते, तर वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. वडील काही काळ ग्रीसच्या राजाचे सल्लागार होते, त्यामुळे लहानपणीची काही वर्षे अथेन्समध्ये गेली. वनस्पतींची गोडी तिथेच लागली. पुढे कोपनहेगन, गॉटिंगेन आणि बॉन येथे शिक्षण झाले आणि ते बॉनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. वनशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्या काळी हिंदुस्थानात ती फारशी कुणाकडेच नव्हती म्हणा. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन हे शल्यवैद्य होते आणि मद्रासचे ह्यू क्लेगहॉर्न हेही डॉक्टरच. औषधी वनस्पती ओळखणारा माणूस जंगलही सांभाळेल, असा कंपनी सरकारचा हिशेब असावा.

ब्रँडिस यांची पेगूतील नेमणूक झाली ती नात्यागोत्यातून. त्यांची पत्नी रेचल ही श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांची मुलगी. तिची बहीण जनरल हॅवलॉक यांना दिलेली होती. या ओळखीतून ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल डलहौसी यांच्यापर्यंत पोहोचले. वशिला म्हणावा तर हाच, पण माणूस मात्र योग्य निघाला.

सरकारला जंगलाची एवढी काळजी का वाटू लागली होती? कारण साग संपत चालला होता. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने बांधलेली सागवानी जहाजे जगभर नावाजली गेली होती. त्यासाठी लागणारे लाकूड मलबारच्या किनाऱ्यावरून येई. तिथली जंगले विरळ झाली तशी नजर ब्रह्मदेशाकडे वळली. 1852 मध्ये पेगू इंग्रजांच्या ताब्यात आले आणि लाकडाचे व्यापारी तिथे तुटून पडले.

ब्रँडिस यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. जंगलात साग आहे तरी किती? सगळी झाडे मोजणे अशक्य होते, म्हणून त्यांनी पट्टे ठरवले आणि पट्ट्यातल्या मोजणीवरून सगळ्या जंगलाचा अंदाज बांधला. रक्ताचे दोन थेंब तपासून सगळ्या शरीराची अवस्था ओळखावी तसेच हे. साथींच्या अभ्यासात आज जी नमुना पाहणी होते, तिचे तत्त्व हेच.

मोजणीतून एक नियम निघाला. सहा फूट किंवा त्याहून जास्त घेर असलेली झाडे पहिल्या प्रतीची, म्हणजे तोडण्याजोगी. त्याखालची दुसऱ्या प्रतीची, आणि अशाच पुढच्या प्रती. दुसऱ्या प्रतीचे झाड पहिल्या प्रतीत यायला किती वर्षे लागतात, हे एकदा कळले की तोडीचा आकडा ठरतो. समजा जंगलात पहिल्या प्रतीची 1000 झाडे आहेत आणि त्यांची जागा घ्यायला खालच्या प्रतीला 20 वर्षे लागतात. मग वर्षाला 50 झाडे तोडायची, एकही जास्त नाही. 20 वर्षांनी तिथे पुन्हा तेवढीच झाडे उभी असतात. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. त्यामुळे निवडलेल्या झाडाच्या बुंध्यावर चौफेर साल कापून ते काही वर्षे उभे वाळवत आणि मग नदीत सोडत. म्हणजे तोडायची झाडे आधीपासूनच ठरवून ठेवावी लागत. रंगूनच्या व्यापाऱ्यांना ही बंधने अर्थातच रुचली नाहीत.

या कामाची किंमत शरीराने मोजली. ब्रँडिस यांचे शिष्य कार्ल शेंक यांनी लिहून ठेवले आहे, की ही पाहणी त्यांनी मलेरियाने आजारी असतानाच पूर्ण केली. डासामुळे मलेरिया होतो हे रोनाल्ड रॉस यांनी दाखवले 1897 मध्ये. तोवर दलदलीची वाईट हवाच याचे कारण समजली जाई. पुढे ब्रँडिस यांच्या कवटीला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया झाली. जंतुसंसर्गावर प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात अशा शस्त्रक्रियेतून वाचणे हीच मोठी गोष्ट. कपाळावरच्या त्या छिद्रात पांढरा कापूस घालून ते पुढचे सगळे आयुष्य वावरले, असे शेंक सांगतात.

पेगूच्या डोंगरांत करेन लोक फिरती शेती करत. उतारावरचे जंगल तोडून जाळायचे, एक-दोन वर्षे भात घ्यायचे आणि पुढे सरकायचे. ब्रँडिस यांनी त्यांना हुसकावून लावण्याऐवजी भाताबरोबरच सागाची लागवड करायला लावली आणि तिचे पैसे दिले. शेतकरी पुढे गेला की मागे सागाचे रोपवन उभे राहायचे. ही टाँग्या पद्धत पुढे अनेक देशांत गेली. मात्र तिची दुसरी बाजूही आहे. करेन लोकांनी आपल्या हाताने जी झाडे लावली, त्यांनीच त्यांची जमीन अडवली.

1864 मध्ये ब्रँडिस महानिरीक्षक झाले. रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवे होते आणि जंगले झपाट्याने उजाड होत होती. 1878 साली डेहराडूनला वनशिक्षणाची शाळा सुरू झाली. वणव्यापासून जंगल राखण्याचा त्यांचा आग्रहही खात्याने उचलला, पण ब्रह्मदेशात त्याचा उलटा परिणाम दिसला. आग थांबली तसे बांबू आणि सदाहरित झाडोरा माजला आणि सावलीत सागाची रोपे वाढेनात. औषधाचा दुष्परिणाम उशिरा ध्यानात यावा तसा हा प्रकार.

खरा वाद झाला तो 1878 च्या वन कायद्यावरून. जंगल सरकारचेच, गावकऱ्यांना चराई आणि सरपण मिळते ती सरकारची मेहेरबानी, असे बेडन हेन्री बेडन-पॉवेल यांचे म्हणणे होते. (हे स्काउट चळवळीच्या संस्थापकांचे सावत्र बंधू.) मद्रास सरकार गावकऱ्यांचे हक्क मानायला तयार होते. ब्रँडिस मधला मार्ग सुचवत होते. निवडक जंगले सरकारने राखावीत आणि गावाजवळची जंगले गावांना द्यावीत. कुर्ग आणि राजपुतान्यातील देवरायांची त्यांनी माहिती घेतली होती. सरकारी पहाऱ्याशिवायही लोक जंगल राखतात, हे त्यांना ठाऊक होते. प्रत्यक्षात कायदा झाला तो बराचसा बेडन-पॉवेल यांच्या मनासारखा. ग्रामवनाचे कलम त्यात आले, पण बहुतेक ठिकाणी ते कागदावरच राहिले. सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईला वनरक्षकाची भीती वाटू लागली ती या कायद्यानंतर. चार काठ्यांवर सागाची मोजणी झाली होती, जंगलावर जगणाऱ्या माणसांसाठी पाचवी काठी नव्हती.

1883 मध्ये ब्रँडिस निवृत्त झाले. अमेरिकेचे पहिले मुख्य वनाधिकारी गिफर्ड पिंचो आणि तिथे पहिली वनशाळा काढणारे शेंक, दोघेही त्यांच्याच हाताखाली तयार झाले. वयाच्या 82 व्या वर्षी, 1906 मध्ये त्यांचा ‘इंडियन ट्रीज’ हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. झाडांच्या शास्त्रीय वर्णनाबरोबर त्यांनी त्यात लोकांच्या तोंडची नावेही दिली आहेत, त्यात मराठी नावेही सापडतात. पुढच्याच वर्षी, 28 मे 1907 रोजी बॉनमध्ये त्यांचे निधन झाले.