विश्लेषण : छातीतला त्रास आणि कांद्यावरचा आळ… आयझेनहॉवर यांच्या हृदयविकाराने जगाला काय शिकवले?

छातीत अस्वस्थ वाटले की पहिला संशय जातो तो पित्तावर, गॅसवर किंवा रात्रीच्या जेवणावर. सामान्य घरात हे रोज घडते. सप्टेंबर १९५५ मध्ये मात्र ते अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत घडले. ड्वाइट डी. आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला होता आणि दोष दिला गेला दुपारी खाल्लेल्या कांद्याला. ईसीजी निघेपर्यंत साधारण दहा तास गेले. तरीही ते वाचले, दुसऱ्यांदा निवडून आले आणि त्यानंतर तेरा वर्षांहून अधिक जगले. त्यांच्या या आजारपणात आजच्या रुग्णांसाठीही मोठा धडा आहे.

आयझेनहॉवर यांचे आयुष्य कसे होते?

आयझेनहॉवर यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९० रोजी टेक्सासमधील डेनिसन येथे झाला. बालपण कॅन्सासमधील ॲबिलिन या लहानशा गावात गेले. घरची परिस्थिती बेताची होती. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून ते १९१५ मध्ये बाहेर पडले. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्त फौजांचे सर्वोच्च सेनापती म्हणून ६ जून १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेचा निर्णय त्यांनी घेतला. युद्धानंतर कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्षपद, नाटोचे सेनापतीपद आणि जानेवारी १९५३ पासून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद, असा त्यांचा प्रवास झाला.

या सगळ्या वर्षांत ताण कायम होता आणि हातात सिगारेटही. युद्धकाळात ते दिवसाला चार पाकिटांपर्यंत सिगारेटी ओढत. १९४९ मध्ये आजारी पडल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी धूम्रपान एकदम सोडले. पण रक्तदाब अधूनमधून वाढे आणि रागही चटकन चढे. बाहेरून मात्र ते ठणठणीत दिसत. गोल्फ खेळणारा, मासेमारी करणारा, स्वतः स्वयंपाक करणारा हा ६४ वर्षांचा माणूस हृदयरुग्ण असेल, असे कुणाच्या मनातही आले नसते.

२३ सप्टेंबर १९५५ रोजी नेमके काय घडले?

आयझेनहॉवर तेव्हा कोलोरॅडोतील डेन्व्हर येथे सुट्टीवर होते आणि पत्नी मेमी यांच्या माहेरी उतरले होते. त्या दिवशी ते गोल्फच्या मैदानावर गेले. खेळ चालू असताना परराष्ट्र खात्याचे दूरध्वनी येत राहिले, मध्येच उठावे लागे आणि ते चिडले. दुपारी त्यांनी कच्च्या कांद्याच्या चकत्या घातलेला हॅम्बर्गर खाल्ला आणि पुन्हा खेळायला गेले. दिवसभरात २७ होल खेळून झाले. संध्याकाळकडे पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थ वाटू लागले. कांदा बाधला, असे त्यांना वाटले.

रात्री दहाच्या सुमारास ते झोपले. मध्यरात्रीनंतर छातीतील वेदनेने जाग आली. पुन्हा अपचनच असावे असे वाटून मेमी यांनी त्यांना पित्तावरचे औषध, मिल्क ऑफ मॅग्नेशिया, दिले. त्रास थांबेना, तेव्हा त्यांचे वैयक्तिक डॉक्टर हॉवर्ड स्नायडर यांना बोलावण्यात आले. ते पहाटे तीनच्या सुमारास पोहोचले.

निदानाला उशीर का झाला?

स्नायडर यांनी मॉर्फिन देऊन रुग्णाला झोपवले. सकाळी पत्रकारांना राष्ट्राध्यक्षांचे पोट बिघडल्याचे सांगण्यात आले. दुपारी एकच्या सुमारास जवळच्या फिट्झसिमन्स लष्करी रुग्णालयातून ईसीजी यंत्र घरी आणले गेले आणि हृदयाच्या पुढच्या भिंतीला इजा झाल्याचे स्पष्ट झाले. त्यानंतर रुग्णाला आधार देत जिन्यावरून खाली आणून मोटारीने रुग्णालयात नेण्यात आले.

या दहा तासांविषयी दोन मते आहेत. हृदयविकार आपण रात्रीच ओळखला होता, पण रुग्णाची झोपमोड होऊ नये आणि घरच्यांनी घाबरू नये म्हणून वाट पाहिली, असे स्नायडर यांनी नंतर नोंदवले. उलट, त्यांनाही सुरुवातीला तो पोटाचाच विकार वाटला असावा, असे काही इतिहासकार मानतात. खरे काहीही असो, सत्ता आणि डॉक्टर दोन्ही हाताशी असलेल्या घरातही छातीतल्या वेदनेला पहिल्यांदा पित्ताचे औषध मिळाले.

पित्त आणि हृदयविकार यांत गफलत का होते?

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. हृदय, अन्ननलिका आणि जठराचा वरचा भाग यांच्याकडून वेदनेचे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूंचे मार्ग पाठीच्या कण्यात एकमेकांजवळ येतात. त्यामुळे वेदना नेमकी कुठून आली, हे मेंदूला ठरवता येत नाही. हृदयाची वेदना म्हणूनच छातीच्या मध्यभागी, वरच्या पोटात, जबड्यात, पाठीत, खांद्यात किंवा हातातही जाणवते.

शिवाय हृदयविकाराची वेदना तीव्रच असते असे नाही. अनेकांना ती दुखण्यापेक्षा दडपण, जडपणा, आवळल्यासारखे वाटणे किंवा जळजळ अशा रूपात जाणवते. सोबत मळमळ, उलटी, ढेकर येऊ शकतात. पित्ताच्या औषधाने थोडे बरे वाटले किंवा ढेकर आल्यावर हलके वाटले, एवढ्यावरून हृदयविकार नाही असे म्हणता येत नाही. महिला, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात तर दम लागणे, विलक्षण थकवा, घाम किंवा चक्कर एवढीच लक्षणे असू शकतात.

अंजायना आणि हृदयविकाराचा झटका यांत फरक काय?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतील भिंतीवर मेद साचून त्या हळूहळू अरुंद होतात. जिना चढताना, भरभर चालताना किंवा रागाच्या भरात हृदयाला अधिक रक्त लागते आणि ते कमी पडले की छातीत दडपण येते. थांबल्यावर काही मिनिटांत ते ओसरते. हा अंजायना, म्हणजे हृदयशूल. साठलेल्या मेदाच्या थराला अचानक चीर गेली, तर तिथे रक्ताची गुठळी होते आणि धमनी बंद पडते. मग पुढच्या भागातील स्नायू मरू लागतो. हा हृदयविकाराचा झटका. त्यात विश्रांती घेऊनही त्रास सहसा थांबत नाही.

छातीतली प्रत्येक कळ हृदयाचीच असते असेही नाही. आम्लपित्त, बरगड्यांमधील स्नायूंचा ताण, फुप्फुसाच्या आवरणाची सूज, तीव्र भीतीचा झटका अशी अनेक कारणे असतात. दीर्घ श्वास घेताना किंवा बोटाने दाबल्यावर वाढणारी वेदना बहुधा हृदयाची नसते. पण हे ‘बहुधा’ घरी बसून पडताळता येत नाही. त्यासाठी ईसीजी आणि ट्रोपोनिन ही रक्तातील चाचणी लागते. पहिला ईसीजी सामान्य आला तरी डॉक्टर काही वेळाने तो पुन्हा काढतात, तो याचसाठी.

बातमी जाहीर झाल्यावर काय झाले?

२४ सप्टेंबर हा शनिवार होता. सोमवारी बाजार उघडला आणि न्यूयॉर्कमध्ये डाऊ जोन्स निर्देशांक साडेसहा टक्क्यांनी कोसळला. त्या काळी हृदयविकार म्हणजे मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व, अशीच सर्वसामान्य समजूत होती.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा उच्च रक्तदाब आणि दुबळे झालेले हृदय १९४४ च्या निवडणुकीत मतदारांपासून लपवले गेले होते. यावेळी निदान झाल्यावर वेगळा मार्ग निवडला गेला. बोस्टनचे विख्यात हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांना विमानाने बोलावण्यात आले. त्यांनी पत्रकारांना हृदयधमनी, गुठळी आणि स्नायू कसा भरून येतो, हे सोप्या भाषेत समजावले. राष्ट्राध्यक्षांच्या प्रकृतीचे बारीकसारीक तपशील रोज छापून येऊ लागले. त्यातून हृदयविकार हा शब्द घराघरांत पोहोचला.

उपचार कोणते झाले?

आजच्या तुलनेत फारच थोडे. वेदनेसाठी मॉर्फिन, प्राणवायू, विश्रांती आणि रक्त गोठू न देणारी औषधे एवढाच साठा होता. त्यांना वॉरफरिन देण्यात आले. उंदीर मारण्यासाठी वापरले जाणारे हे द्रव्य माणसांसाठी औषध म्हणून नुकतेच आले होते आणि राष्ट्राध्यक्षांनी ते घेतल्याने त्याच्याविषयीची भीती कमी झाली.

हृदयरुग्णाला अनेक आठवडे अंथरुणात निपचित ठेवण्याची तेव्हा रीत होती. व्हाइट यांचा कल रुग्णाला बेताने हालचाल करू देण्याकडे होता. आयझेनहॉवर यांना आधी खुर्चीत बसवले गेले, मग चालवले गेले. ६५ वा वाढदिवस रुग्णालयात झाला आणि सात आठवड्यांनी, ११ नोव्हेंबर रोजी ते घरी जायला निघाले. फेब्रुवारी १९५६ मध्ये डॉक्टरांनी कामाला हिरवा कंदील दाखवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले. झटक्यानंतरही माणूस कामावर परतू शकतो, हे लाखो रुग्णांना या एका उदाहरणाने पटले.

मग दहा तासांच्या उशिराने काय बिघडले?

या कहाणीचा सगळ्यात चुकीचा अर्थ इथे निघू शकतो. इतका उशीर होऊनही ते वाचले, मग थोडे थांबायला काय हरकत, असे वाटू शकते. पण १९५५ मध्ये तीन वाजता रुग्णालय गाठले असते, तरी बंद धमनी उघडण्याचा कोणताही उपाय डॉक्टरांकडे नव्हता. छाती बाहेरून दाबून हृदय चालू ठेवण्याची पद्धत १९६० मध्ये मांडली गेली. हृदयरुग्णांसाठी वेगळे अतिदक्षता विभागही साठच्या दशकातले. फुग्याच्या साहाय्याने धमनी उघडण्याची अँजिओप्लास्टी १९७७ मध्ये पहिल्यांदा झाली. त्यांच्या उशिराची किंमत कमी होती, कारण हातात असलेले उपचारच कमी होते.

आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आणि अँजिओप्लास्टी यांनी धमनी उघडता येते. मात्र हा लाभ पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि प्रत्येक तासागणिक घटत जातो. मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. सकाळपर्यंत वाट पाहू, हा निर्णय आज त्यामुळेच कितीतरी महाग पडतो.

अशा वेळी काय करावे?

छातीत दडपण किंवा जळजळ काही मिनिटांहून अधिक टिकली, जबड्यात किंवा हातात पसरली, सोबत घाम, दम किंवा मळमळ असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. स्वतः गाडी चालवू नये, जिने चढू-उतरू नयेत. ॲस्पिरिन चावून घेण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. पण त्याची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असणाऱ्यांनी ती घेऊ नये, म्हणून दूरध्वनीवर डॉक्टरांना विचारणे बरे. चालताना येणारे आणि थांबल्यावर जाणारे दडपण हा आगाऊ इशारा आहे. त्यासाठी लगेच हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे. नव्याने सुरू झालेले, वाढत चाललेले किंवा बसल्या जागी येणारे दडपण मात्र तातडीचेच समजावे.

पुढे आयझेनहॉवर यांचे काय झाले?

१९५६ मध्ये त्यांच्या आतड्यावर शस्त्रक्रिया झाली, नोव्हेंबर १९५७ मध्ये सौम्य पक्षाघात झाला. तरी डिसेंबर १९५९ मध्ये ते लांबच्या दौऱ्यावर निघाले आणि पदावर असताना भारतात आलेले पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ठरले. दिल्लीत त्यांना पाहायला प्रचंड गर्दी लोटली होती. जानेवारी १९६१ मध्ये त्यांनी दुसरी कारकीर्द पूर्ण केली.

हृदयाने मात्र पाठ सोडली नाही. १९६५ मध्ये पुन्हा झटका आला आणि १९६८ मध्ये एकामागून एक आणखी झटके आले. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड रुग्णालयात २८ मार्च १९६९ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, हृदय निकामी होऊन त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या मूत्रपिंडावरील ग्रंथीत एक छोटी गाठ सापडली. अशी गाठ रक्तदाब एकाएकी वाढवणारी संप्रेरके सोडते. वरचेवर वाढणाऱ्या त्यांच्या रक्तदाबामागे, आणि कदाचित संतापामागेही, ती असावी, असे काही डॉक्टरांना वाटते. ती हयातीत कुणालाच दिसली नाही. छातीतला त्रास मात्र त्या दिवशी संध्याकाळपासूनच जाणवत होता आणि त्याचा आळ कांद्यावर गेला.