राणीच्या दुसऱ्या हातात

जबलपूरला शिकणाऱ्या प्रत्येक कॅडेटला झाशीच्या राणीची कविता येते. ती लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान याच शहरात राहत होत्या. कविता ऐकली की डोळ्यांसमोर राणीच्या हातातली तलवार येते. हा लेख त्यांच्या दुसऱ्या हाताबद्दल आहे. त्या हातात लगाम होता.

राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका, घरात सगळे मनू म्हणत. जन्म काशीचा, वडील मोरोपंत तांबे. आई लहानपणीच गेली. मोरोपंत दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाला ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला आले. तिथे मनू नानासाहेबांसारख्या मुलांच्या संगतीत वाढली. त्यांच्याबरोबर ती तलवार शिकली आणि घोड्यावर बसायलाही शिकली.

१८४२ मध्ये झाशीचे संस्थानिक गंगाधरराव यांच्याशी तिचे लग्न झाले आणि मनूच्या लक्ष्मीबाई झाल्या. पुढे त्यांची दिनचर्या कशी असे, हे जुन्या मराठी लेखनातून कळते. पहाटे उठून मल्लखांब, त्यानंतर घोड्याची रपेट. घोडा मंडळावर धरायचा, म्हणजे गोल फेऱ्यांत फिरवायचा, आणि मग भिंत किंवा खंदक उडवायचा. आपल्याला रायडिंगच्या तासाला गोल फेऱ्यांचा कंटाळा येतो. पण उडी मारण्याआधी मंडळ, हाच क्रम राणींचाही होता.

हे समजायला लगाम कसा काम करतो ते पाहावे लागते. लगाम म्हणजे नुसता हातातला पट्टा नव्हे. डोक्यावरच्या चामडी पट्ट्या, तोंडातली लोखंडी कांब आणि स्वाराच्या हातातल्या वाद्या मिळून लगाम होतो. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते. कांब तिथे, जिभेवरून बसते. ती जागा नाजूक असल्यामुळे बोट मिटले तरी घोड्याला कळते. साध्या कांबेला स्नॅफल म्हणतात. तिच्यात आपण जितके ओढू तितकाच दाब पडतो. कर्ब नावाच्या कांबेला दोन्ही बाजूंना खाली दांडे असतात आणि हनुवटीखाली साखळी असते. ती तरफेसारखी चालते, म्हणून हाताचा थोडा जोर तोंडात कितीतरी पटींनी पोहोचतो. ड्रेसाजच्या सुरुवातीच्या परीक्षा स्नॅफलवर होतात. वरच्या पातळीवर डबल ब्रायडल येतो. त्यात दोन कांबा आणि चार वाद्या असतात, पण तो हलक्या हाताच्या स्वारासाठीच.

घोडदळाच्या स्वाराचा उजवा हात तलवारीत अडकलेला. घोडा वळवायचा आणि थांबवायचा तो एकट्या डाव्या हाताने. म्हणून पूर्वी जोरकस, कधी काटेरी कांबाही वापरत. पण काट्यांनी घोडा घाबरून थांबतो, शिकत नाही. शिकलेला घोडा मांडीचा दाब आणि स्वाराचे वजन ओळखतो. लगाम त्याला फक्त आठवण करून देतो.

राणींना घोड्याची पारखही होती. नानासाहेब पेशवे, ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे आणि लक्ष्मीबाई या तिघांची नावे त्या काळी अश्वपरीक्षेत घेतली जात. याच आपट्यांकडे पुढे विष्णुपंत छत्रे घोडे शिकवायची विद्या शिकले आणि त्यांनी पहिली भारतीय सर्कस काढली. राणींची एक आठवण सांगितली जाते. एका सौदागराने दोन देखणे घोडे आणले. राणींनी दोघांवर बसून फेरी मारली. एकाची किंमत हजार रुपये ठरवली आणि दुसऱ्याची फक्त पन्नास, कारण त्याच्या छातीत दुखापत आहे हे त्यांना चालीवरून कळले. बाहेरून काहीच दिसत नव्हते. सौदागराने ते कबूल केले.

नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव वारले. त्यांचा स्वतःचा मुलगा तान्हेपणीच गेला होता, म्हणून मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी दामोदररावांना दत्तक घेतले होते. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केले आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. १८५७ च्या उठावानंतर राज्य पुन्हा राणींच्या हाती आले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. एप्रिलच्या सुरुवातीला इंग्रज शहरात शिरले, तेव्हा राणी मुलाला पाठीशी बांधून रात्री घोड्यावरून निघाल्या. भांडेरजवळ पाठलाग करणारी तुकडी गाठायला आली. राणींनी तिच्या इंग्रज अधिकाऱ्याला जखमी केले आणि त्या पुढे गेल्या. शंभर मैलांच्या आसपास दौड करून त्या काल्पीला पोहोचल्या. तो घोडा तिथेच कोसळला, असे सांगतात.

काल्पीही पडली. मग तात्या टोपे आणि रावसाहेब पेशव्यांबरोबर त्यांनी १ जूनला ग्वाल्हेर घेतले. १७ जून १८५८ ला कोटा की सराय इथे इंग्रज घोडदळाशी गाठ पडली. या वेळी राणींच्या मांडीखाली नवा घोडा होता. स्वर्णरेखा नाल्याशी तो अडला, उडी मारेना. मागून स्वार आले आणि राणींवर प्राणघातक घाव बसले. गंगादास बाबांच्या मठाजवळ त्यांचा अंत्यसंस्कार झाला.

त्या घोड्याला भित्रा म्हणणारे बरेच असतात. मला ते पटत नाही. त्या दिवशी स्वार तीच होती, तिची मांडही तशीच पक्की होती. नव्हती ती मंडळावरची सवय. घोड्याला हा हात माहीत नव्हता आणि ती ओळख करून द्यायला राणींकडे पहाटेच्या रपेटी उरल्या नव्हत्या. ज्यांना चालीवरून घोड्याची आतली दुखापत कळत असे, त्यांनाही ते काम एका दिवसात करता आले नाही, आणि कोणत्याही लोखंडी कांबेनेही ते झाले नसते.

पुढच्या वेळी उडीसमोर घोडा थांबला, तर लगाम खेचण्याआधी आपण त्याच्याबरोबर किती फेऱ्या मारल्या आहेत ते मोजावे. कमी असतील, तर पुन्हा मंडळावर जावे. आपल्याकडे त्यासाठी उद्याची सकाळ आहे.