न परतलेल्या डॉक्टरांचं घर

स्मरणिकेसाठी ‘घर’ या विषयावर काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. आपल्या सोसायटीला 25 वर्षं झाली तेव्हा विषय योग्यच आहे. पण प्लॉट, कर्ज, सात-बारा यांवर मी नोकरीत भरपूर लिहिलं. म्हणून आज जरा दूरच्या घराबद्दल लिहितो. हे घर सोलापूरचं, भैय्या चौकातलं, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं.

बदलीच्या निमित्ताने मी काही वर्षं सोलापुरात होतो. तेव्हा तिथे स्मारक झालेलं नव्हतं. डॉ. कोटणीस म्हणजे व्ही. शांतारामांचा सिनेमा, एवढीच बहुतेकांची ओळख. 1946 साली आलेल्या त्या सिनेमात शांतारामांनी स्वतःच डॉक्टरांचं काम केलं होतं. आमच्या पिढीने तो पुढे कधीतरी गणपतीत पडद्यावर पाहिला. पण सिनेमात न मावणारा माणूस बराच उरतो.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापूरचा. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारं ते गाव. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढे सर्जन म्हणून नाव काढावं, चार पैसे मिळवून घरच्यांना हातभार लावावा, असा सरळ रस्ता समोर होता.

1937 मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. आपण स्वतःच पारतंत्र्यात, तरी लोकांनी वर्गणी काढली आणि औषधं, रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर पाठवायचं ठरलं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईहून बोट सुटली तेव्हा कोटणिसांना अठ्ठाविसावं वर्ष चालू होतं. जाणं ठरलं होतं ते ठरावीक मुदतीसाठीच.

चीनमध्ये पोहोचल्यावर थोड्याच महिन्यांत वडील गेल्याची बातमी आली. परत फिरायला याहून रास्त कारण कोणतं असणार? पण आघाडीवर अजून पोहोचायचंच होतं. ते पुढे निघाले आणि फेब्रुवारी 1939 मध्ये येनानला पोहोचले. पुढे पथकातले सहकारी एकेक करून परतू लागले. कोटणीस मात्र आणखी आत, उत्तर चीनच्या डोंगराळ भागात गेले.

नॉर्मन बेथून हे कॅनडाचे सर्जन त्याच भागात काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, विष भिनलं आणि नोव्हेंबर 1939 मध्ये ते गेले. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख म्हणून 1941 मध्ये कोटणिसांची नेमणूक झाली. रुग्णालय म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर इमारत येते. इथे तसं काही नव्हतं. शत्रू जवळ आला की सामान उचलायचं, पुढच्या खेड्यात जायचं आणि तिथल्या घरात शस्त्रक्रियेचं टेबल मांडायचं. 1940 च्या एका लढाईत त्यांनी सलग 72 तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. चिनी भाषा ते शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहायला बसले.

1941 च्या अखेरीस त्यांनी कुओ छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या सहकारी बाईंशी लग्न केलं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. पण तोवर डॉक्टरांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी दूर जाण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. 9 डिसेंबर 1942 रोजी ते गेले. वय 32, मुलगा साडेतीन महिन्यांचा. तो मुलगाही डॉक्टरकी शिकत असतानाच, 1967 मध्ये गेला. छिंगलानबाई मात्र दीर्घायुषी ठरल्या, सासरच्या माणसांना भेटायला भारतातही आल्या, आणि 2012 मध्ये त्यांचं निधन झालं.

आता घराबद्दल. चीनमध्ये शिजियाच्वांग इथल्या हुतात्मा स्मशानभूमीत बेथून आणि कोटणीस यांची स्मारकं आहेत. 1962 चं युद्ध झालं, सीमेवर आजही तणाव असतो, पण तिथे लोक फुलं वाहायचे थांबले नाहीत. चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेत आलेत. आपल्याकडे जन्मघराचं स्मारक व्हायला मात्र कितीतरी दशकं जावी लागली. सोलापूर महापालिकेने ते काम केलं, उशिरा का होईना केलं, याचं समाधान आहे.

कुणी म्हणेल, ज्या घरात ते परत आलेच नाहीत ते जपून काय उपयोग? माझं म्हणणं नेमकं उलट आहे. चीनमधल्या स्मारकात भेटतात ते मोठे झालेले डॉक्टर. ते कुठून निघाले, काय मागे ठेवून गेले, हे फक्त या घरात कळतं. आपल्या-तुपल्यासारख्या बेताच्या घरातून असा माणूस निघतो, हे पोराटोरांना तिथे उभं राहिल्यावरच पटतं.

भोर-वेल्ह्याच्या लोकांना तर हे डॉक्टर परके वाटू नयेत. डोंगरातल्या वाड्यांवरून आजारी माणसाला झोळी करून खाली रस्त्यापर्यंत आणताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. रुग्ण येईपर्यंत न थांबता डोंगर चढून त्याच्याकडे गेलेला सर्जन काय मोलाचा, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

राजगड-तोरण्याची काळजी घ्यायला सगळा महाराष्ट्र आहे. भोरच्या राजवाड्यात सिनेमावाले येतात, त्यामुळे तोही लोकांच्या नजरेत राहतो. पण गल्लीबोळातली जुनी घरं वाटण्यांच्या भांडणात पडतात, नाहीतर रातोरात पाडली जातात. कुणा मास्तरांचं, कुणा वैद्यांचं, कुणा सुईणीचं घर ते. ती सगळी वाचवणं आपल्याला परवडणार नाही, हे मी बँकेतला माणूस म्हणून जाणतो. पण घर पाडण्याआधी दोन फोटो काढून ठेवायला आणि तिथे कोण राहत होतं हे म्हाताऱ्या माणसांकडून वहीत उतरवून घ्यायला खर्च येत नाही. रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीने एवढं एक काम अंगावर घ्यावं, अशी माझी सर्व सभासदांना विनंती आहे. वही मी आणून देतो. लिहायला तरुण सभासदांनी पुढे यावं.