खाणीत कॅनरी पक्षी न्यायला सांगणाऱ्या डॉक्टरमुळे ऑक्सिजन 'औषध' झाला...

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात अख्ख्या महाराष्ट्राला एक आकडा पाठ झाला होता, ९४. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर त्याच्या खालचा आकडा दिसला की घरात पळापळ सुरू व्हायची. ऑक्सिजन बेड, सिलेंडर, कॉन्सन्ट्रेटर हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येत होते.

पण ऑक्सिजन हे मोजून आणि सलग द्यायचं औषध आहे, हे डॉक्टरांना पटायलाच बरीच वर्षं लागली. ते पटवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते म्हणजे जॉन स्कॉट हॉल्डेन. कोरोनाची लाट ओसरली, तरी एका आजारात त्यांच्या कामाची गरज आजही रोज पडते. तो आजार म्हणजे लहान मुलांचा न्यूमोनिया.

स्वतःवरच प्रयोग करणारा माणूस

हॉल्डेन यांचा जन्म मे १८६० चा, स्कॉटलंडच्या एडिनबरा शहरातला. घर खानदानी. १८८४ मध्ये ते डॉक्टर झाले, पण दवाखाना थाटला नाही. त्यांना वेड होतं हवेचं. माणूस श्वासातून नेमकं काय घेतो आणि त्यात बिघाड झाला की काय होतं, हे त्यांना शोधायचं होतं.

सुरुवात झाली डंडी शहरातल्या गरीब वस्तीतून. एकेका खोलीत दाटीवाटीने झोपणाऱ्या कुटुंबांच्या घरात ते रात्री जायचे आणि तिथल्या हवेचे नमुने बाटलीत भरून आणायचे. पुढे ऑक्सफर्डला आल्यावर त्यांनी घरातच प्रयोगशाळा उभी केली. विषारी वायू तपासायचा असेल तर आधी तो स्वतः हुंगायचा, हा त्यांचा शिरस्ता.

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. ५७ खाणकामगार गेले. सगळ्यांना वाटलं, स्फोटाने आणि आगीने मेले. हॉल्डेन यांनी मृतदेह तपासले, तेव्हा बहुतेकांचा जीव कार्बन मोनॉक्साइडने घेतल्याचं दिसलं. हा वायू रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. त्याला ना रंग, ना वास.

मग खाणीत तो ओळखायचा कसा? हॉल्डेन यांनी सुचवलं, सोबत उंदीर किंवा छोटा पक्षी न्या. शरीर लहान, श्वास जलद, ऑक्सिजनची गरज मोठी आणि साठा कमी. त्यामुळे माणसाच्या आधी पक्षी कोसळतो आणि माणसाला पळायला वेळ मिळतो. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी पुढे थेट १९८६ पर्यंत वापरले गेले.

हे कॅनरीचं गणित लक्षात ठेवा. तान्ह्या बाळाचंही तेच असतं. वजनाच्या हिशोबाने बाळाला मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन लागतो. म्हणूनच सकाळी खेळणारं बाळ संध्याकाळी निपचित पडू शकतं.

युद्धाने शिकवलेला धडा

१९०५ मध्ये हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी प्रीस्टली यांनी दाखवून दिलं की श्वासाचा वेग मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. १९११ मध्ये हवा विरळ झाल्यावर शरीर काय करतं, हे बघायला ते अमेरिकेतल्या पाईक्स पीक या १४ हजार फुटांहून उंच शिखरावर जाऊन राहिले.

मग आलं पहिलं महायुद्ध. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. सरकारने हॉल्डेन यांना तातडीने आघाडीवर पाठवलं. सैनिकांच्या फुफ्फुसात पाणी भरलं होतं. हवा आत जात होती, पण ऑक्सिजन रक्तात उतरत नव्हता. कोरड्या जमिनीवर माणसं बुडत होती.

त्याच सुमारास लंडनमध्ये त्यांचे भाऊ, मंत्री रिचर्ड हॉल्डेन, यांच्यावर जर्मनधार्जिणे असल्याची झोड उठली आणि त्यांचं मंत्रिपद गेलं. इकडे जॉन स्वतः क्लोरीन हुंगून त्यावरचा बचाव शोधत होते.

तोवर दवाखान्यात ऑक्सिजन द्यायची पद्धत अजब होती. रुग्णाच्या तोंडापुढे नळी किंवा नरसाळं धरायचं. बराचसा वायू खोलीत उडून जायचा, आणि मग डॉक्टरच म्हणायचे की ऑक्सिजनचा उपयोग होत नाही! हॉल्डेन यांनी सिलेंडरला दाब कमी करणारी झडप, प्रवाह मोजायची सोय, रबरी पिशवी आणि तोंडावर बसणारा मास्क जोडला. १९१७ मध्ये त्यांनी ही पद्धत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडली. सांगणं साधं होतं. ऑक्सिजन कमी पडला की शरीराचं काम तर थांबतंच, शिवाय अवयव कायमचे खराब होतात. म्हणून तो वेळेत, मोजून आणि खंड न पाडता द्यायला हवा.

१९३६ मध्ये, पंचाहत्तरी गाठलेले हॉल्डेन इराण-इराकच्या तेल प्रकल्पांत उष्माघाताचा अभ्यास करून परतले आणि आजारी पडले. मार्च महिन्यात ऑक्सफर्डमध्ये त्यांचं निधन झालं. कारण होतं न्यूमोनिया. त्याच ऑक्सफर्डमध्ये १९४१ साली फ्लोरी आणि चेन यांच्या चमूने रुग्णाला पेनिसिलिन टोचलं. त्यांचा मुलगा, प्रसिद्ध शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, पुढे भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

मग आज काय अडलंय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुलं न्यूमोनियाने गेली. त्यातली बहुतेक गरीब देशांतली.

आजार लवकर ओळखला तर साध्या अँटिबायोटिकने काम होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच माणसांना बाळाचे श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. न्यूमोनियाचे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, तर ती धोक्याची खूण. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, ओठ निळे पडले असतील, तर तडक दवाखाना गाठायचा.

कारण तिथून पुढे गोळीसोबत ऑक्सिजनही लागतो. पापुआ न्यू गिनीमधल्या पाच दवाखान्यांत फक्त कॉन्सन्ट्रेटर आणि ऑक्सिमीटर नीट बसवले, तर न्यूमोनियाच्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं. ढाक्यात डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी शॅम्पूची बाटली, पाणी आणि नळ्या वापरून 'बबल सीपॅप' बनवला. बाळ श्वास सोडतं तेव्हा पाण्याचा दाब फुफ्फुस मिटू देत नाही. २०१५ मध्ये छापून आलेल्या चाचणीत साध्या ऑक्सिजनवरची १५ टक्के मुलं दगावली होती, बबल सीपॅपवरची ४ टक्के.

पण मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयात उलटं झालं. तिथे डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती. २०१९ मध्ये निकाल आला, सीपॅपवरची १७ टक्के मुलं दगावली, साध्या ऑक्सिजनवरची ११ टक्के.

यंत्र आलं म्हणजे आयसीयू झालं असं नाही. आकडा बघणारी नर्स, रात्री न जाणारी वीज, वेळेत भरलेला सिलेंडर आणि बाळाशेजारी थांबलेलं कुणीतरी, हे सगळं मिळून आयसीयू होतं.

श्वास अडलेल्या रुग्णांसाठीचं आवश्यक औषध म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्सिजनला यादीत घेतलं ते २०१७ मध्ये. हॉल्डेन यांनी आपली पद्धत मांडली, त्याला तेव्हा बरोबर १०० वर्षं झाली होती.