बटाट्याच्या पेशीतला श्वास शोधणाऱ्या कमला सोहोनी

गाझियाबाद : वैज्ञानिक व नवोन्मेषी संशोधन अकादमीचे मुख्यालय गाझियाबादमधील कमला नेहरू नगरात आहे. तिच्याकडून पीएच.डी. मिळवणाऱ्यांत महिला असणे ही आता बातमी राहिलेली नाही. १९३३ मध्ये मात्र मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी उत्तम गुणांनी मिळवलेल्या एका मराठी तरुणीला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने प्रवेश नाकारला, तो ती स्त्री आहे एवढ्याच कारणाने. त्या कमला भागवत, म्हणजेच नंतरच्या डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. थोरली बहीण दुर्गा भागवत पुढे मराठी साहित्यात नामवंत झाल्या. संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. नकार आल्यावर कमलाबाई थेट बंगळुरूला गेल्या आणि सत्याग्रहाची तयारी दाखवली. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनीचा दर्जा नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे, शिवाय पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होणार नाही याची जबाबदारी त्यांचीच. त्यांनी अटी मान्य केल्या. मात्र तो अपमान त्या विसरल्या नाहीत आणि उतारवयात जाहीर समारंभात त्यांनी तो बोलूनही दाखवला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून त्यांनी १९३६ मध्ये एम.एस्सी. पूर्ण केले.

केंब्रिजमध्ये त्या प्रथम डेरेक रिक्टर यांच्या प्रयोगशाळेत आणि नंतर रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागल्या. प्राण्यांच्या पेशी श्वसनासाठी सायटोक्रोम नावाची रंगद्रव्ये वापरतात, हे केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी दाखवले होते. वनस्पतींचे काय, हा प्रश्न होता. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी आढळले. १९३९ मध्ये सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरावर हिल आणि भागवत या दोन नावांनी ‘नेचर’मध्ये टिपण प्रसिद्ध झाले. अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर त्यांना त्याच वर्षी पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणारी पहिली भारतीय महिला असा त्यांचा उल्लेख होतो; पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना १९३१ मध्येच मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती, तेव्हा हे बिरूद जपून वापरलेले बरे.

या शोधाचे मोल पेशीच्या ऊर्जाव्यवहारात आहे. ऊर्जेचे चलन असलेले एटीपी १९२९ मध्ये हाती लागले होते. त्यात जर्मनीतील लोहमान यांच्याबरोबर हार्वर्डमधील फिस्के आणि आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचाही वाटा होता. पेशीतील तंतुकणिकांमध्ये सायटोक्रोमच्या साखळीतून इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात, त्या ओघात आतील पटलापलीकडे प्रोटॉन साठतात आणि ते परतताना एक फिरते विकर एडीपीपासून एटीपी तयार करते. ऑक्सिजन तुटला, उदाहरणार्थ हृदयाचा रक्तपुरवठा थांबला, की हेच विकर उलटे फिरून एटीपी मोडू लागते. त्याला आवर घालतात ते त्याच्याशी बांधले जाणारे रेणू. मॅग्नेशियमसह एडीपी विकराच्या क्रियास्थळी अडकून बसले की विघटन थांबते. १९६३ मध्ये सापडलेले एक छोटे प्रथिनही हेच रोखण्याचे काम करते. विकराच्या तीन जागा न्युक्लिओटाइडना आळीपाळीने कमी-अधिक घट्ट धरतात, ही पॉल बॉयर यांची मांडणी. जॉन वॉकर यांनी १९९४ मध्ये विकराची रचना उलगडून तिला बळ दिले आणि १९९७ मध्ये दोघेही नोबेलचे मानकरी ठरले. हे नियमन कमलाबाईंनी शोधले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांचे काम या साखळीच्या आधीच्या कडीवरचे, वनस्पतीही याच मार्गाने श्वसन करतात हे दाखवणारे.

मायदेशी परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. पुढे कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था. तेथे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांनी दाखवले. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती यांच्या आहारात तिचा उपयोग सिद्ध केला. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. संस्थेचे संचालकपद मात्र अंतर्गत राजकारणामुळे त्यांना काही वर्षे उशिरा मिळाले.

निवृत्तीनंतर कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कामात त्या रमल्या. अन्नातील भेसळ ओळखण्याच्या सोप्या चाचण्या गृहिणींपर्यंत नेल्या आणि १९८२-८३ मध्ये संस्थेचे अध्यक्षपद भूषवले. बॉयर आणि वॉकर यांच्या नोबेलला जेमतेम वर्ष होत असताना, १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.